कोफॅक्टर थांबवायचा कुठे?

एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, रेझिनच्या मण्यांवर बसवून कॉलम म्हणजे उभी नळी भरली की तो कॉलम दिवसेंदिवस चालतो, यात आता कुणाला नवल वाटत नाही. जपानच्या तानाबे सेयाकु कंपनीने १९६९ मध्ये ॲमिनोॲसायलेजचा कॉलम कारखान्यात चालवला. त्यानंतर पेनिसिलिन ॲसायलेज आणि ग्लुकोज आयसोमरेजने तर अख्खे उद्योग उभे केले. पण ही सगळी मंडळी एकट्याने काम करणारी आहेत. त्यांना हायड्रोजन आणून देणारा सोबती, म्हणजे कोफॅक्टर, लागत नाही. आमच्यापुढे जे काम आलं, ते नेमकं सोबती लागणाऱ्या एन्झाइमचं होतं. त्या सोबत्याला कॉलममध्ये थांबवता थांबवता जे शिकायला मिळालं, ते इथे लिहिते आहे. मराठीतून या विषयावर काम करणाऱ्या मुलामुलींना वाचायला फार थोडं सापडतं, हेही एक कारण.

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या संशोधन प्रयोगशाळेत प्रोसेस केमिस्ट आहे. औषधं बनवताना मध्ये लागणारे चिरल अल्कोहोल (ज्यांच्या रेणूची एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं असतात) कमी खर्चात आणि शुद्ध कसे करता येतील, हे आमचं रोजचं काम. ग्राहकाचं कीटोन, म्हणजे ज्यापासून अल्कोहोल करायचं तो कच्चा माल, कोणतं ते सांगता येणार नाही, पण पद्धत बसवताना आम्ही ॲसिटोफेनोन हे कीटोन वापरलं. एन्झाइम होतं लॅक्टोबॅसिलस ब्रेविस या जिवाणूचं अल्कोहोल डिहायड्रोजनेज. ते ॲसिटोफेनोनपासून आर बाजूचं फेनिलइथेनॉल करतं आणि दुसऱ्या बाजूचं जवळपास होऊच देत नाही.

बॅचमध्ये, म्हणजे एकाच भांड्यात सगळं एकदम घालून, हे चालत होतंच. कीटोन, एन्झाइमची पावडर, ग्लुकोज, सोबत ग्लुकोजवरून हायड्रोजन काढणारं ग्लुकोज डिहायड्रोजनेज आणि थोडासा एनएडीपी, म्हणजे आमचा कोफॅक्टर. पीएच उतरला की टायट्रेटर सोडा टाकत राहतो. सकाळी लावलेली रिॲक्शन रात्रीपर्यंत संपते. खरा त्रास नंतरचा. इथाइल ॲसिटेट घालून हलवलं की विरघळलेल्या प्रथिनांमुळे दोन थरांच्या मध्ये असा फेस धरतो की तो बसता बसत नाही. गाळायला घेतला तर फिल्टर चोंदतो. आणि एवढं करून महागाचं एन्झाइम त्या फेसाबरोबर फेकून द्यायचं. म्हणून एन्झाइम मण्यांवर पक्कं बसवायचं आणि कीटोनचं द्रावण त्यावरून सतत वाहतं ठेवायचं, असं ठरलं.

एन्झाइम बसलं. कॉलम चालला. आणि सुरुवातीचं द्रावण बाहेर पडल्यावर उत्पादन थांबलं, कारण एनएडीपी पाण्याबरोबर निघून गेला होता. हे होणार याची कल्पना आम्हाला होती. किती भरभर होतं, ते बघायचं होतं.

कोफॅक्टरचं काम थोडक्यात असं. एनएडीपीएच हा रेणू एन्झाइमच्या खाचेत येतो, आपल्याजवळचा हायड्रोजन कीटोनला देतो आणि स्वतः एनएडीपी होऊन बाहेर पडतो. एका कीटोन रेणूमागे एक एनएडीपीएच, असा हा हिशोब. एक किलो ॲसिटोफेनोनसाठी जर तो एकदाच वापरून टाकायचा ठरवला, तर सहा-सात किलो एनएडीपीएच लागेल. हा पदार्थ ग्रॅमच्या भावाने विकला जातो, त्यामुळे त्या वाटेला कुणी जातच नाही. रिकाम्या झालेल्या एनएडीपीवर पुन्हा हायड्रोजन चढवायचा आणि तोच रेणू शेकडो, हजारो वेळा फिरवायचा, यालाच रीजनरेशन म्हणतात. एक रेणू आयुष्यभरात किती फेऱ्या मारतो, तो आकडा म्हणजे टोटल टर्नओव्हर नंबर. या क्षेत्रातला कुणीही माणूस भेटला की पहिल्यांदा तोच आकडा विचारतो.

नाशिककरांना हे रीजनरेशन खरं तर फार जवळचं आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला आणि दिंडोरीकडे ज्या वायनरी आहेत, त्यांच्या टाक्यांमध्ये दर हंगामात हेच घडतं. यीस्ट द्राक्षातली साखर मोडतं तेव्हा त्याच्याकडचा एनएडी, म्हणजे एनएडीपीचाच भाऊबंद, हायड्रोजनने भरून जातो. तो रिकामा करून घेतल्याशिवाय पुढची साखर मोडता येत नाही. म्हणून यीस्ट तो हायड्रोजन ॲसिटाल्डिहाइडवर उतरवतं आणि त्यातून इथेनॉल तयार होतं. आपल्यासाठी ती वाइन असते. यीस्टच्या बाजूने पाहिलं तर एनएडी परत मिळवण्याची ती धडपड आहे. कोफॅक्टर नावाची काही गोष्ट असते हेसुद्धा यीस्टनेच दाखवून दिलं. १९०६ मध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी यीस्टचा रस बारीक गाळणीतून दाबून काढला. गाळणीवर राहिलेला भाग एकटा काम करेना, खाली गळलेला भागही एकटा काम करेना. दोन्ही एकत्र केल्यावर साखर पुन्हा आंबायला लागली. त्यातला खाली गळलेला भाग उकळला तरी त्याचा गुण जात नव्हता, म्हणजे ते प्रथिन नव्हतं. या सगळ्या कामाच्या मालिकेसाठी हार्डन यांना १९२९ चं नोबेल हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांच्यासोबत मिळालं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण आमची अडचण त्यात जशीच्या तशी आहे. एन्झाइम मोठं म्हणून अडतं, कोफॅक्टर छोटा म्हणून निसटतो. पेशीचं पटल त्याला बाहेर जाऊ देत नाही. कॉलममध्ये ते पटल नसतं.

यावरचा सर्वात सरळ उपाय म्हणजे येणाऱ्या द्रावणातच एनएडीपी घालत राहणं. बरेच जण तेच करतात आणि थोड्या मालासाठी ते चुकीचंही नाही. पण हिशोब मांडून बघा. ॲसिटोफेनोन पाण्यात फार विरघळत नाही, तेव्हा लिटरमागे ४० मिलिमोल धरू. एनएडीपी ०.१ मिलिमोल घातला तर लिटरमागे सुमारे ७९ मिलिग्रॅम जातो आणि पूर्ण रूपांतर झालं तरी हातात ४.९ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल येतं. प्रत्येक रेणू ४०० फेऱ्या मारून गटारात. कॉलम महिनाभर चालवला काय आणि वर्षभर चालवला काय, हे ४०० काही पुढे सरकत नाहीत. फेऱ्यांना मर्यादा येते ती कीटोन आणि कोफॅक्टरच्या प्रमाणाची. ती तोडायची तर कोफॅक्टर आत थांबायला हवा.

जर्मनीत मारिया-रेगिना कुला आणि क्रिस्टियान वान्ड्रे यांच्या गटांनी याचं उत्तर शोधलं होतं. त्यांनी एनएडीला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची लांब साखळी जोडून तो एवढा मोठा केला की अल्ट्राफिल्ट्रेशनच्या पडद्यातून तो जाऊ शकत नसे. एन्झाइम आणि कोफॅक्टर दोघे पडद्याच्या आत, माल बाहेर. टर्ट-ल्युसिनसारखं ॲमिनो आम्ल त्या पद्धतीने करता आलं. काम अप्रतिम आहे. पण आमच्याकडे कोफॅक्टरला साखळी जोडण्याचं रसायन करून शुद्ध करण्याची सोय नव्हती. शिवाय पडद्यावर प्रथिन साचत गेलं की दाब वाढतो, हा अनुभव आमच्या सरांना दुसऱ्या कामात आलेला होता. त्यामुळे तो विचार बाजूला ठेवला.

मग स्पेनमधल्या फर्नांडो लोपेझ-गालेगो यांच्या गटाचं काम वाचलं. कल्पना इतकी साधी की वाचून मी खुर्चीतून उठलेच. एनएडीपीवर फॉस्फेटचे गट असतात, म्हणजे ऋण भार. मण्याच्या आत पॉलिइथिलीनइमिन, म्हणजे पीईआयचं अस्तर दिलं तर त्यावर धन भार असतो. दोघं एकमेकांना धरतात, पण कायमचं नाही. रेणू अस्तरावरून सुटतो, शेजारच्या एन्झाइममध्ये जातो, काम करून पुन्हा अस्तरावर येतो. मण्याच्या छिद्रातून बाहेर पडण्याआधी त्याला कुणी ना कुणी पकडतंच. एनएडीपेक्षा एनएडीपीवर एक फॉस्फेट जास्त, त्यामुळे आमचा कोफॅक्टर जास्त घट्ट बसणार, ही आमच्या फायद्याची गोष्ट.

मणी आम्ही ॲगारोजचे घेतले. त्यांच्यावर इपॉक्साइडचे गट आणि थोडं कोबाल्ट. हिस्टिडिन या ॲमिनो आम्लाची शेपटी लावलेलं एन्झाइम आधी कोबाल्टला धरतं, मग सावकाश इपॉक्साइडशी पक्कं जोडलं जातं. उरलेल्या इपॉक्साइडवर पीईआय बसवलं. आमचं एन्झाइम चार सारख्या भागांचं मिळून बनलेलं आहे आणि ते भाग एकत्र राहायला मॅग्नेशियम लागतं. म्हणून प्रत्येक धुण्याच्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइड ठेवलं आणि धातू ओढून घेणारं ईडीटीए त्या टेबलाच्या आसपासही फिरकू दिलं नाही. शेवटी एनएडीपीचं द्रावण मण्यांत हलवत ठेवलं आणि वरच्या पाण्याचं २६० नॅनोमीटरचं शोषण बघत राहिलो. तो आकडा उतरत गेला, म्हणजे कोफॅक्टर आत जात होता.

इथपर्यंत सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे झालं. त्यानंतर जे समोर आलं, त्यासाठीच हे लिहायला घेतलं.

हायड्रोजन पुरवायला आमच्या हाताशी ग्लुकोज डिहायड्रोजनेज होतं. जलद, टिकाऊ, स्वस्त, बॅचमध्ये वर्षानुवर्षं वापरलेलं. तेही त्याच मण्यांवर बसवलं. पण ग्लुकोजपासून शेवटी ग्लुकॉनिक आम्ल होतं. बॅचमध्ये टायट्रेटर होता, कॉलमच्या पोटात टायट्रेटर कसा घालणार? कॉलमच्या तोंडाशी पीएच ठीक असतो आणि खाली जाता जाता तो घसरत जातो. आम्लात एनएडीपीएच टिकत नाही, एन्झाइमही मंदावतं. यावर नेहमीचा उपाय म्हणजे बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे क्षार, वाढवणं. आम्ही तो वाढवला आणि कोफॅक्टर धुऊन निघाला. बफर म्हणजे शेवटी मीठच. त्याचे आयन पीईआयच्या अस्तरावर जाऊन बसतात आणि एनएडीपीला उठवतात. फॉस्फेट बफर तर त्याच जागेचा थेट दावेदार, आणि एनएडीपीएचला तोडण्यातही त्याचा हात असतो. बफर कमी ठेवला की पीएच जातो, जास्त ठेवला की कोफॅक्टर जातो. मधली जागा आम्ही शोधली, पण ती इतकी अरुंद होती की कीटोनचं प्रमाण पार खाली आणावं लागत होतं.

फॉर्मेटचा विचार केला. फॉर्मेट डिहायड्रोजनेजमध्ये कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उलटी रिॲक्शन होत नाही, म्हणून ते सगळ्यांचं आवडतं. पण कॅन्डिडा बॉइडिनीचं मूळ एन्झाइम एनएडीच घेतं, एनएडीपीला हात लावत नाही. बदल केलेली रूपं आहेत, तरी सोडियम फॉर्मेट हे पुन्हा मीठच. कॉलममध्ये गॅसचे बुडबुडे होतील ते वेगळेच.

एका संध्याकाळी सरांनी फळ्यावर हायड्रोजन देऊ शकणारे तिन्ही दाते लिहिले आणि प्रत्येकासमोर फक्त एकच गोष्ट लिहायला सांगितली: याच्यामुळे पाण्यात भार वाढतो का? ग्लुकोज, हो. फॉर्मेट, हो. आयसोप्रोपेनॉल, नाही. तेवढ्यावर निर्णय झाला. आयसोप्रोपेनॉल विद्राव्य, भाररहित, आणि त्याचं ॲसिटोनही भाररहित. आमचं एन्झाइम स्वतःच आयसोप्रोपेनॉलवरून हायड्रोजन उचलतं, त्यामुळे दुसऱ्या एन्झाइमची गरजही संपली. बॅचमध्ये आयसोप्रोपेनॉल आम्ही मागे टाकलं होतं, कारण ही रिॲक्शन दोन्ही बाजूंनी चालते आणि तयार झालेलं ॲसिटोन तिला मागे ओढतं. पण आयसोप्रोपेनॉल १० टक्के ठेवलं तर ते सुमारे १.३ मोलर होतं, कीटोनच्या तिसेक पट. तेवढ्या जोरावर समतोल बऱ्यापैकी पुढे जातो, आणि ॲसिटोफेनोन विरघळायलाही मदत होते. थोडं कीटोन उरतं, ते मागाहून वेगळं काढायचं. ही तडजोड मला पूर्ण पटलेली आहे. दाता निवडताना सगळे वेग बघतात, किंमत बघतात. कॉलममध्ये पहिला प्रश्न हा असायला हवा की हा दाता माझ्या कोफॅक्टरला जागेवर राहू देईल का.

बफर १० मिलिमोलर ट्रिसपर्यंत खाली आला. आम्ल तयारच होत नाही म्हटल्यावर त्याहून जास्त लागत नव्हता.

आता कोफॅक्टर आत आहे की नाही, हे बाहेरून कसं कळणार? एनएडीपीएच ३४० नॅनोमीटरला प्रकाश शोषतो आणि एनएडीपी शोषत नाही, हे या क्षेत्रातलं सर्वात मोलाचं मोजमाप. पण ॲसिटोफेनोनही त्या भागात थोडं शोषतं, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या द्रावणात गळती नेमकी मोजता येईना. एमजी रोडवरून मी नोटा तपासायचा अतिनील टॉर्च आणला, ३६५ नॅनोमीटरचा. आधी कीटोन न घालता फक्त आयसोप्रोपेनॉलचं द्रावण कॉलमवरून सोडलं, दिवे बंद केले आणि टॉर्च मारला. काचेच्या नळीतले पांढरे मणी वरून खाली निळसर उजळत गेले. एनएडीपीएच स्वतः प्रकाश देतो, एनएडीपी देत नाही, म्हणजे वरच्या थरापासून कोफॅक्टर भरला जात होता. रात्रपाळीचे काका मागे येऊन उभे राहिले होते.

"ताई, हे उजेड देतंय ते चांगलं का वाईट?"

"चांगलं, काका. माल आत आहे आणि भरलेला आहे."

"मग आता कीटोन सोडलं की विझेल?"

सोडून बघितलं. तोंडाकडून उजेड मंद होत गेला, पण पूर्ण गेला नाही. कीटोन हायड्रोजन नेत होतं, आयसोप्रोपेनॉल तो परत भरत होतं, आणि दोन्हीच्या ओढाताणीत उजेड एका पातळीवर थांबला. कॉलमच्या खालच्या भागात तो जास्त होता, कारण तिथे पोहोचेपर्यंत कीटोन संपत आलेलं असतं. कुठलाही आलेख मला ही गोष्ट इतकी नीट दाखवू शकला नसता. तेव्हापासून रोज कॉलम तपासताना टॉर्च हातात असतोच, आणि काकाही त्यांच्या नोंदवहीत उजेड कुठपर्यंत आहे ते लिहून ठेवतात.

सुरुवातीला थोडा कोफॅक्टर गळतोच. अस्तरावर सैल बसलेला भाग निघून जातो आणि मग गळती खाली येऊन स्थिरावते. अस्तर जास्त दाट केलं तर गळती आणखी कमी होईल, असं वाटून तेही करून पाहिलं. गळती कमी झाली, पण उत्पादनही कमी झालं. पीईआयने कोफॅक्टर इतका आवळून धरला की तो एन्झाइमपर्यंत जाईना. शेवटी मधलं अस्तर ठेवलं.

थंडीने वेगळाच धडा दिला. जानेवारीत निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात तेव्हा सातपूरच्या शेडमध्येही सकाळी बाटल्या हाताला गार लागतात. कॉलमला ३० अंशांचं जॅकेट होतं, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. पण सकाळच्या वेळी रूपांतर घटायचं आणि दुपारी आपोआप सुधारायचं. काकांनी नळी उजेडाकडे धरून बारीक बुडबुडे दाखवले. गार द्रावणात हवा जास्त विरघळते, ते कॉलममध्ये गरम झालं की ती सुटते आणि मण्यांमध्ये वाट अडवते. मग पाणी एकाच बाजूने धावतं आणि बाकीचे मणी नुसते बसून राहतात. द्रावणाची बाटलीच ३० अंशांवर ठेवली, आधी व्हॅक्यूमने हवा काढली, आणि प्रवाह खालून वर केला. पुन्हा तो प्रश्न आला नाही. ॲगारोज मऊ असतं, जोराने ढकललं तर दबतं, म्हणून वेगाची हाव मात्र सोडून द्यावी लागली.

रूपांतर घसरायला लागलं की दोषी कोण, एन्झाइम की कोफॅक्टर? हे ठरवायची आमची रीत साधी आहे. येणाऱ्या द्रावणात थोडा वेळ एनएडीपी मिसळायचा. बाहेरचं रूपांतर लगेच उसळलं तर आतला कोफॅक्टर संपत आला होता. काहीच फरक पडला नाही तर एन्झाइम थकलं. पहिला प्रकार असेल तर कॉलम उघडायचीही गरज नाही. मिठाने तो धुऊन घ्यायचा, ताजा एनएडीपी सोडायचा आणि अस्तर पुन्हा भरायचं. भारावर धरून ठेवण्याचा हा मोठा फायदा आहे. रासायनिक बंधाने कोफॅक्टर जोडला असता तर खराब झाल्यावर सगळे मणी टाकावे लागले असते. आमच्याकडे आता बहुतेक वेळा आधी एन्झाइम थकतं. म्हणजे फेऱ्यांची मर्यादा कोफॅक्टरकडून एन्झाइमकडे सरकली. फीडमध्ये एनएडीपी घालण्याचा तो ४०० चा अडथळा कधीच मागे पडला आहे.

ग्राहकाचं खरं कीटोन पाण्यात ॲसिटोफेनोनपेक्षाही कमी विरघळतं. त्याच्यासाठी सध्या पाण्याऐवजी एमटीबीई हे सेंद्रिय द्रावक वाहतं ठेवून बघतो आहोत. कोफॅक्टर सेंद्रिय द्रावकात विरघळतच नाही, तेव्हा मण्यांमध्ये जे थोडं पाणी धरलेलं असतं त्यातच तो राहतो, गळून जायला त्याला वाटच नसते. अडचण आहे ती त्या पाण्याची. कोरडं एमटीबीई मण्यांतलं पाणी हळूहळू ओढून नेतं आणि एन्झाइम निपचित पडतं. म्हणून बाटलीच्या तळाशी बफर आणि मॅग्नेशियमचा थर ठेवून त्यावरचं, पाण्याने तृप्त झालेलं द्रावक पंपाला देतो. जॅकेट आणि बाटलीच्या तापमानात अंशाचाही फरक नको, नाहीतर कुठेतरी पाणी वेगळं होऊन साचतं. सध्या त्याच जुळवाजुळवीत आहे.